दिवाळीचा किल्ला, पण चीजचा. कसा रचू?

पाटावरवंटा:
मंडळी, मदत हवीये आणि जरा घाईत हवीये. आम्ही नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला. शनिवारी घरी दिवाळीचं जेवण ठेवलंय, १४ डोकी, त्यात दोन डच शेजारी जोडपी, सहा आपलीच मंडळी आणि चार पोरं. इथे कोणाकडे गेलं की आधी चीजचा पाट समोर येतो, बोरलप्लांक म्हणतात त्याला, आणि लेकाचा किल्ला यंदा राहिलाय कारण तिसऱ्या मजल्यावर माती आणायची कुठून, तर म्हटलं किल्लाच चीजचा करू, एका दगडात दोन पक्षी. ऐकायला भारी वाटलं, काल ट्रायल घेतली आणि तोंडावर पडले. गौडाचे चौकोनी तुकडे एकावर एक रचून तटबंदी केली, गोट चीजचा रोल कापून बुरूज उभे केले, आणि लांबून बघते तर सगळं पिवळं पिवळं. नवरा आला, म्हणाला खमण मस्त झालंय, चटणी कुठाय.

तर हे किल्ल्यासारखं दिसावं म्हणून काय करू? साधारण किती चीज लागेल? आणि तिघं शुद्ध शाकाहारी आहेत, एक मैत्रीण प्रेग्नंट आहे, त्यांचं कसं सांभाळायचं? फराळ इथे घरीच केलाय, चकल्या शंकरपाळे अनारसे आहेत, ते त्यातच घुसवता आले तर सोन्याहून पिवळं. (पिवळं नको खरं तर.)

गडवाट_चुकलेला:
खमण 😂😂
चीजमधलं मला ओ की ठो कळत नाही पण किल्ल्यांचं कळतं म्हणून लिहितोय. तुम्ही भिंती बांधायला गेलात तिथे गडबड झाली. पाहुणे पाट वरून बघणार ना, उभे राहून? मग वरून जो आकार दिसतो तो पकडा, नुसती उंची करत बसू नका. राजगड घ्या. मधोमध बालेकिल्ला आणि त्याच्यापासून तीन दिशांना तीन माच्या, पद्मावती, सुवेळा, संजीवनी. वरून बघितलं की तीन पाकळ्यांसारखं दिसतं आणि पाटावर तुम्हाला आयते चार भाग मिळतात. बालेकिल्ल्याला एक अख्खं छोटं चाक ठेवा, खाली वाटी पालथी घाला म्हणजे आपोआप उंच होईल. पद्मावती माचीवर तळं आहे, तिथे वाटीत मध नाहीतर मोरांबा. संजीवनी लांबलचक आणि टप्प्याटप्प्याने उतरत जाते, तिला दुहेरी तटबंदी, म्हणजे तुमच्या चौकोनी तुकड्यांच्या दोन समांतर रांगा तिथे वापरा, फक्त तिथेच, सगळीकडे नको. आणि सुवेळा माचीला नेढं आहे, कड्याला आरपार पडलेलं नैसर्गिक भोक. भोकवालं चीज असतं ना ते काय नाव त्याचं, त्याचा जाड तुकडा उभा केला की नेढं तयार!! ज्याने राजगड केलाय तो तुमच्या घरात शिरल्या शिरल्या ओळखेल.

पाटावरवंटा:
एमेंटाल!! नेढ्याला एमेंटाल, हे मला सात जन्मात सुचलं नसतं. दंडवत घ्या.

हेगवाली:
ताई मी हेगला असते, इथलं थोडं सांगते.

पिवळ्याचं आधी. आपला सह्याद्री काळा आहे आणि गौडा पिवळा, तिथेच खमण होतंय. इथे औड, म्हणजे साधारण १० ते १२ महिने मुरलेला गौडा, बऱ्याचदा काळ्या आवरणात मिळतो. त्याचा मोठा कोन आणायचा आणि सुरीने काप करायचे नाहीत, सुरीचं टोक खुपसून पिळायचं, तो आपोआप खडकासारखा ओबडधोबड फुटतो, रंगही तपकिरीकडे झुकलेला असतो. काळी कड बाहेरच्या बाजूला ठेवून तुकडे लावले की झाला कडा. फक्त ते काळं खायचं नसतं, लोकांना सांगून ठेवा. आत पांढरे कण दिसतील आणि दाताखाली कुरकुरतील, ते मीठ नाही, चीज मुरताना टायरोसिनचे खडे तयार होतात, चांगल्या मुरलेल्याची खूण आहे. बाकी काळ्यासाठी काळी द्राक्षं, ब्लॅकबेरी, काळ्या तिळाचे क्रॅकर. लाकडी पाटाऐवजी काळी दगडी पाटी मिळाली तर अर्धं काम तिथेच झालं.

हिरवळीसाठी आपण किल्ल्यावर काय पेरायचो? हळीव! आणि इथे सुपरमार्केटमध्ये छोट्या डब्यात उगवलेली टाउनकर्स मिळते ती म्हणजे हळीवच आहे, तीच वनस्पती. डच लोक ब्रेडवर चीजसोबत खातात. आदल्या दिवशी एक-दोन डबे आणायचे आणि आयत्या वेळी कात्रीने कापून माच्यांच्या उतारावर खोचायची. तिखटसर लागते, चीजबरोबर छान जाते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दुकानातच आईला व्हिडिओ कॉल लावला होता.

शाकाहारी मंडळींसाठी पाकिटावर स्ट्रेम्सल शब्द शोधायचा, म्हणजे दूध घट्ट करायला वापरतात ते रेनेट. मायक्रोबियल किंवा व्हेखेटारिस लिहिलं असेल तर बिनधास्त, डिअरलक म्हणजे प्राण्याचं. नुसतं स्ट्रेम्सल लिहिलंय तर चीजच्या दुकानात विचारा, ते लोक न कंटाळता सांगतात. पार्मिजानो आणि स्विस ग्रुयेर सरळ बाद, त्यांच्या नियमातच प्राण्याचं रेनेट आहे. एमेंटालही बघून घ्या, स्विस अस्सलवाला असेल तर त्यातही तेच. पद्मावती माची पूर्ण शाकाहारी करून टाका, सुरी वेगळी, म्हणजे दर वेळी विचारत बसायची भानगड नाही. प्रेग्नंट मैत्रिणीला पाश्चराइज्ड दुधाचा गौडा खुशाल द्या, पण ब्री कॅमेम्बेर गोट चीजचा रोल असले मऊ प्रकार तिच्यासमोर ठेवूच नका, आणि रौमेल्क असं लिहिलेलं कच्च्या दुधाचं तर नकोच.

आणि हो, जिऱ्याचं चीज घ्याच! लायडनचं प्रसिद्ध आहे, शेतकऱ्यांकडचं अस्सल असेल तर साल लालसर असते, रंगालाही उपयोग. मेथीदाण्याचंही मिळतं, त्याला अक्रोडासारखा वास येतो. आणि फ्रिसलँडचं लवंगवालं. डच शेजाऱ्यांना सांगा की हे तुमचंच चीज पण मसाल्याचा डबा आमचा. मसाले त्यांनी आपल्याकडून कसे नेले तो विषय जेवणानंतर काढा 😉

सडेतोड:
कल्पना चांगली आहे पण एक बोलतो, राग मानू नका. किल्ल्यावर महाराजांची मूर्ती ठेवायचा विचार असेल तर कृपया नको. खाण्याच्या पाटावर, शेजारी वाइनचे ग्लास, कोणीतरी उष्ट्या हाताने मूर्ती सरकवणार, बरं दिसत नाही. आणि कापून खायच्या वस्तूला राजगड म्हणणंही मला खटकतंय, पण असो.

पाटावरवंटा:
@सडेतोड मूर्तीचं मान्य, तसंही ती देवघराशेजारी असते, तिथेच राहील. मावळेसुद्धा पाटावर नको, रंग कसले असतात कोण जाणे. नावाचं म्हणाल तर लेक सात वर्षांचा आहे, कधी राजगड बघितलेला नाही, या निमित्ताने तीन माच्यांची नावं पाठ झाली तर मला चालेल.

गडवाट_चुकलेला:
+१. आम्ही लहानपणी भाऊबीजेनंतर किल्ल्यावर लवंगी लावून उडवायचो, तेव्हा कोणी काही म्हटलं नाही.

ठाण्याची_ठमाकाकू:
अगं मी हे असले पाट बरेच केलेत, सोसायटीत आता मला चीजकाकूच म्हणतात. दोन-तीन गोष्टी हात पोळून शिकलेय त्या सांगते.

दिवाळी आहे म्हणून तू पाटाभोवती पणत्या लावशील. नको लावू. मी लावल्या होत्या, फोटो सुरेख आले आणि वीस मिनिटांत चेडरला घाम फुटला, तेल सुटून सगळं चकचकीत. पणत्या दोन हात लांब. दुसरं म्हणजे ओलं आणि कुरकुरीत शेजारी ठेवायचं नाही. ताज्या मोझरेलाला टेकून मी चकल्या लावल्या होत्या, त्या अशा मऊ पडल्या की सासूबाई म्हणाल्या तेल कमी तापलं होतं का ग. मेले ते चीज आणि बोल मला. चकल्या, शंकरपाळे, क्रॅकर सगळं अगदी शेवटी, पाहुण्यांनी बेल वाजवली की. बीटाची चटणी, डाळिंबाचे दाणे वगैरे पांढऱ्या चीजला लागू द्यायचे नाहीत, गुलाबी डाग पडतात.

मापाचं सांगते, पाठोपाठ जेवण आहे तर मोठ्या माणसाला ६० ग्रॅम धर, दहा मोठे म्हणजे ६००, पोरांचं धरून ८०० ग्रॅम. किलोच्या वर गेलीस तर आठवडाभर चीज टोस्ट खाशील. प्रकार चार, फार तर पाच. लोक दहा-बारा आणतात आणि मग काय खाल्लं तेच कोणाला आठवत नाही. फ्रीजमधून पाऊण तास आधी काढायचं, थंडगार चीजला चव नसते, आणि बाहेर दोन तासांच्या वर नाही.

जोड्या सांगू? औड गौडा आणि आंब्याचा मोरांबा, डोळे मिटून. ब्लू चीज आवडत असेल तर त्याचा नखाएवढा तुकडा अनारशावर, खारट, गोड आणि खसखस, मी पहिल्यांदा भीत भीत केलं होतं आता दर दिवाळीला करते. गोट चीज चकलीला लावून. मेथीवाल्या चीजबरोबर भाजणीच्या थालीपिठाचे छोटे तुकडे. चिवडा मात्र नको, पाटभर पसरतो.

आणि इकडे भारतात कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी, हे सगळं इथेही जमतं. आपल्याकडच्या बऱ्याचशा चीजला मायक्रोबियल रेनेट असतं, हिरवा ठिपका बघून घ्यायचं. मुंबईत एलेफ्थेरिया म्हणून आहेत, त्यांच्या ब्रुनोस्टला २०२१ मध्ये वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्य मिळालं होतं. मूळ नॉर्वेचा प्रकार, चीज करून उरलेलं पाणी आटवून आटवून करतात, रंग तपकिरी आणि चव थेट कंदी पेढ्याची. मी पहिला घास घेतला आणि साताराच आठवला. पातळ पापुद्रे काढून शंकरपाळ्याबरोबर.

हेगवाली:
काकू अनारसा आणि ब्लू चीज 😳 करून बघणारच.
अजून एक राहिलं, तोफगोळ्यांना पेपरनोटन! सिंटरक्लासच्या सणाची ती छोटी गोल बिस्किटं आत्तापासूनच दुकानात आलीयेत. बुरुजाशेजारी चार-चारचे ढीग लावा, पोरं तिकडेच धावतील आणि मोठ्यांचं चीज वाचेल.

पाटावरवंटा:
झाला बरं का किल्ला! काल रात्री सगळं आवरेपर्यंत एक वाजला म्हणून आज लिहितेय.

दगडी पाटी मिळाली नाही, ओव्हनचा काळा ट्रे पालथा घातला, चालून गेलं. बालेकिल्ल्याला अर्ध्या किलोचं छोटं गौडाचं चाक, वाटीवर. काळ्या कडेचे खडक एक नंबर, खमण म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. नेढं करताना एमेंटालचा तुकडा दोनदा पडला, शेवटी मागे टूथपिक खोचली. शाकाहारी एमेंटाल मिळालं नाही म्हणून सुवेळा माची बाकीच्यांसाठी आणि पद्मावती तिघांसाठी, लेकाने माच्यांच्या पाट्या लिहून खोचल्या, संजीवनीतली दुसरी वेलांटी राहिली पण मी दुरुस्त केली नाही. मैत्रिणीला पद्मावतीवरचाच गौडा वेगळ्या ताटलीत आधीच काढून दिला.

तीन गोष्टी चुकल्या. हळीव मी दुपारीच कापून खोचली, संध्याकाळपर्यंत मान टाकली, म्हणजे किल्ल्यावर उन्हाळा. मोरांब्याचं तळं सगळ्यात आधी आटलं, दुप्पट हवं होतं. आणि एवढं सांगूनही आमच्या एका मित्राने काळी साल चावली, म्हणे मला वाटलं गुळाचा पाक लावलाय.

शेजारच्या डच आजोबांना जिऱ्याचं चीज अर्थात माहीत होतं, पण ते चकलीवर ठेवून खायचं त्यांनी स्वतःच शोधलं आणि मग तिथून हललेच नाहीत. जाताना अर्धा डबा चकल्या नेल्या. अनारसा-ब्लू चीज फक्त मी आणि नवऱ्याने खाल्लं, काकू तुम्ही म्हणता ते खरंय, पण बाकी पब्लिक वासालाच पळालं.

शेवटी बालेकिल्ला तेवढा उरला, कोणी हातच लावेना, कापायला जीव होईना म्हणे. आज सकाळी लेकाने चढाई करून घेतला.

गडवाट_चुकलेला:
फोटो????

पाटावरवंटा:
टाकते, साइज मोठी आहे म्हणून अपलोड होत नाहीये, कमी कशी करायची ते कोणीतरी सांगा आधी.