झूलॉजीत एम.एस्सी. करून बेडकांवर रिसर्च करता येईल का?

सड्यावरची:
नमस्कार, मी टीवाय बीएस्सी झूलॉजी, कोल्हापूर. गेल्या जूनमध्ये आंबोलीला रात्री सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) आंबोली टोड (तिथलाच एक छोटा बेडूक) बघितला, जांभ्यातल्या वीतभर डबक्यात जोडी बसलेली, तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. घरचे म्हणतायत बीएड कर. विद्यापीठात साधी झूलॉजी घेऊ की वाइल्डलाइफचा कोर्स बघू? पीएचडी केली तर पैशाचं काय? या लाइनमधलं कुणी असेल तर प्लीज सांगा.

जांभा:
अगं मी चौथ्या वर्षाला आहे पीएचडीच्या, बेडकांवरच. वाइल्डलाइफच्या एम.एस्सी.ला डेहराडूनचं डब्ल्यूआयआय (वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया), बंगळुरूचं एनसीबीएस (जीवशास्त्राची संशोधन संस्था) दोन्ही मस्त, पण सीट मोजक्या आणि एनसीबीएसची बॅच वर्षाआड निघते. साधी झूलॉजी केलीस तरी काही अडत नाही, मीही तीच केली, फक्त ॲडमिशनच्या आधीच जाऊन बघ की डिपार्टमेंटमध्ये फील्डवर जाणारं कोण आहे. नेटची परीक्षा एम.एस्सी.ला असतानाच दे, त्यातून जेआरएफ (रिसर्चची फेलोशिप) निघाली की महिना 37,000 आणि वर घरभाडं. माझं पहिलं दीड वर्ष फेलोशिपशिवाय गेलं, घरी पैसे मागताना जीव जायचा.
आणि काम कसलं तर रात्री आठ ते दोन सड्यावर, हेडटॉर्च, मापं घ्यायला व्हर्निअर, नोंदी पेन्सिलीने कारण पेनाची शाई पावसात पसरते. पाऊस चार दिवस ओढला की डबकं आटतं, अंडी जांभ्यालाच वाळून चिकटतात, बघवत नाही, पण तेही मोजून लिहावं लागतं.

निवृत्त मास्तर:
बाळ, मी 31 वर्षं झूलॉजी शिकवली. 2014 ला यूजीसीने डिसेक्शन (प्राण्यांची चिरफाड) बंद केलं तेव्हा बरेच जण हळहळले, मला मात्र बरंच वाटलं, ट्रेमधल्या बेडकाने मुलांना बेडूक कधी कळलाच नाही. तू बघितलास तो टोड शास्त्रात नोंदला गेला 2009 साली, आणि आंबोलीच्याच हिरण्यकेशीत 2020 ला नवीन मासा सापडला. म्हणजे काम भरपूर पडलंय. स्टॅटिस्टिक्स आत्ताच पक्कं कर, ‘आर’ हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर शिक, पुढे मुलं तिथेच अडकतात. कॉलेजचं पत्र घेऊन पुण्याजवळच्या आकुर्डीच्या झेडएसआयमध्ये (झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया) जाऊन ये, जपलेले नमुने दाखवायची विनंती कर.

सड्यावरची:
सर, खूप आभार, सुट्टीत आकुर्डीला जातेच. दादा, येत्या जूनमध्ये नोंदी लिहायला कुणी हवं असेल तर मी येऊ का?

जांभा:
ये की. गमबूट आण, जळवांसाठी मीठ आण, आणि घरी नीट सांगून ये, सड्यावर रेंज नसते.