निश्चयक शून्य आला म्हणजे उकल नाही?

भाऊ, तुम्ही लिहिलं की दोन चलांतली एकसामयिक समीकरणं सोडवताना निश्चयक (सहगुणकांचे, म्हणजे चलांपुढच्या आकड्यांचे, तिरके गुणाकार करून आलेली वजाबाकी) शून्य आला की ‘उकल नाही’ लिहून मोकळं व्हावं. तिथं थांबू नका, पोरांचे गुण तिथंच जातात.

हिंगणघाटच्या बाजार समितीचं उदाहरण घ्या. दोन शेतकऱ्यांना सारखाच दर मिळाला; एकाचे २ क्विंटल कापूस आणि ३ क्विंटल सोयाबीनचे मिळून २६ हजार झाले. दुसऱ्याचा माल बरोब्बर दुप्पट, पैसे ५२ हजार. निश्चयक शून्यच (२×६ − ३×४), पण दरांच्या अनंत जोड्या बसतात, कारण दुसऱ्याच्या हिशोबानं नवीन काहीच सांगितलं नाही. तेच ५५ हजार असते तर एकही जोडी बसली नसती. आणि दुसऱ्याचे २ क्विंटल कापूस, १ क्विंटल सोयाबीनचे १८ हजार असते, तर कापूस ७ आणि सोयाबीन ४ हजार, एकच उत्तर.

म्हणून सहगुणकांसोबत स्थिरपदांचंही (इथं २६ आणि ५२ हजार) गुणोत्तर तपासावं लागतं.

तीन चलांत तर जास्तच जपा. क्ष+य+झ = १, क्ष+य+झ = २, क्ष+य+झ = ३ घ्या. क्रेमरच्या रीतीत (निश्चयकांच्या भागाकारानं उकल काढायची रीत) लागणारे चारही निश्चयक शून्य, तरी उकल एकही नाही; तीन समांतर प्रतलं. ‘सगळे शून्य म्हणजे अनंत उकली’ हा नियम दोन चलांपुरताच शिकवा. तीन चलांत सरळ एकेक चल काढत जा; शेवटी ०=१ सारखं काही उरलं तर उकल नाही.