वाचनालयाच्या स्लिम्स सॉफ्टवेअरमध्ये मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतायत

रामबागवाला: नमस्कार मंडळी. इंदूरला आमच्या मंडळाचं वाचनालय आहे, तीनेक हजार मराठी पुस्तकं, आणि दाखल नोंदवही इतकी जीर्ण झालीय की पान उलटलं की कोपरा हातात येतो, म्हणून ती जायच्या आत सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचंय. कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर बघितलं पण त्याला लिनक्स लागतं, म्हणून स्लिम्स घेतलं, झॅम्प (पीसीलाच सर्व्हर करणारं पॅकेज) टाकून त्याच्या एचटीडॉक्समध्ये स्लिम्सचा फोल्डर ठेवला. घरच्या लॅपटॉपवर चालतं, पण एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) करून यादी आत घेतली तर दाखल क्रमांक बरोबर आणि नावं नुसती ????. मंडळाच्या पीसीवर तर झॅम्पमधला वेब सर्व्हर अपाचीच सुरू होत नाही, पोर्ट ८०, पीआयडी ४ असं लाल अक्षरात येतं. महिनाभर रोज रात्री बसून टाइप केलंय हो, वाया जाऊ नये एवढंच.

पीएचपी_बडोदा: काका, पीआयडी ४ म्हणजे ते पोर्ट, अपाचीला ब्राउझरशी बोलायला लागणारा रस्ता, विंडोजनेच धरलंय, बहुतेक त्याच्या आयआयएस या वेब सर्व्हरने. सर्व्हिसेसमध्ये जाऊन वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस बंद करा, नाहीतर अपाचीच्या एचटीटीपीडी डॉट कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये लिसन ८० चं ८०८० करा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८०८० लिहा. प्रश्नचिन्हांसाठी डेटाबेस यूटीएफ८एमबी४ (देवनागरी साठवणारी अक्षरपद्धत) आहे का ते झॅम्पमधल्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये बघा.

ग्वाल्हेरची_माई: डेटाबेसच्या आधी ती सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडा. तिथेच ???? दिसलं तर घोळ एक्सेलचा आहे, साधं सीएसव्ही निवडलं की ते देवनागरी टिकवत नाही. आमच्या शाळेच्या यादीत अगदी हेच झालं होतं. सेव्ह अ‍ॅज करताना सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा. मूळ एक्सेल फाइल असेल तर तुमची मेहनत कुठेही गेली नाही, पण आत गेलेली प्रश्नचिन्हं परत अक्षरं होत नाहीत, त्या नोंदी काढून नव्याने घ्या. आणि हो, लाइटच्या भरवशावर राहू नका, रोज झॅम्पमधून मायएसक्यूएल (डेटाबेस चालवणारा प्रोग्राम) नीट स्टॉप करूनच पीसी बंद करा आणि आठवड्याला डेटाबेसची प्रत, म्हणजे एसक्यूएल एक्सपोर्ट, पेनड्राइव्हवर.

रामबागवाला: माई, नोटपॅडमध्येच प्रश्नचिन्हं होती! मूळ फाइल आहे. आत्ता सीएसव्ही यूटीएफ-८ करून वीस नोंदी आत घेऊन बघितल्या, जोडाक्षरांसकट नावं नीट आली. डेटाबेस पण तपासला, यूटीएफ८एमबी४च आहे. उद्या संध्याकाळी मंडळात जाऊन ८०८० करतो.