भाचीला संगीत नाटक करायचंय, मग पुण्यालाच कामून?

गोदेकाठचा_मामा

भाची यंदा बारावी झाली, परभणीला. गायनाच्या परीक्षांतली विशारद प्रथम झालेली आहे, काळी चारमध्ये गाते, म्हणजे तिचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून नाट्यपदं म्हणायची, आणि आता तिला गाणारी नटी व्हायचंय. नुसती गायिका नाही, नुसती नटीही नाही. घरात तीन पक्ष पडलेत. दाजी म्हणतात पुणं. ताई म्हणते संभाजीनगरच्या पुढं पाठवणार नाही. आजीचं एकच, डी.एड. कर बाई.

माझं मत सांगतो, फाडा. तिनं नांदेडला जावं, आणि संगीताला नाही, नाट्यशास्त्राला प्रवेश घ्यावा.

अडचण अशी की आपण ज्या ठिकाणांचा विचार करतोय तिथं दारातच विचारतात, गायन की नाट्य? १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत शाकुंतल उभं केलं तेव्हा हा प्रश्न नव्हता, नटानंच गायचं होतं. आता दोघांचे विभाग वेगळे, तास वेगळे. मग पोरीनं काय निवडायचं?

गेल्या रविवारी तिला गच्चीचा जिना चढत पद म्हणायला लावलं. बसून म्हणते तेव्हा तान अशी स्वच्छ की गुरुजी मान हलवतात. आठव्या पायरीला श्वास तुटला, शब्द गिळले गेले, सम हुकली. म्हणजे गळा तयार आहे, अंग तयार नाही. जे नाही ते शिकायला कॉलेज. गाणं परभणीच्या गुरुजींकडं चालूच राहील, नांदेडहून तासाभराची रेल्वे आहे. आणि तिथल्या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुलात नाट्य आणि संगीत एकाच संकुलात आहे. शेजारच्या खोलीतला तबला ऐकू आला तरी फरक पडतो.

तंबोरा_कोथरूड

मामा, जिन्याचा प्रयोग झकास. निष्कर्ष चुकला.

मूळ मी जालन्याचा, पुण्यात बारा वर्षं झाली. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, गुरुकुल पद्धतीनं शिकवतात, नृत्य, संगीत, नाट्य तिन्ही एका आवारात. पण ते सोडा. पुण्याला पाठवायचं ते वर्गासाठी नाही, संध्याकाळसाठी. संगीत नाटक पुस्तकात वाचून येत नाही हो. भरत नाट्य मंदिरात अजून प्रयोग होतात. विंगेत ऑर्गनवाला बसतो, त्याचा पाय भात्यावर, डोळा नटाच्या छातीवर. नटानं श्वास घेतला की हा सूर धरतो. हे एकदा विंगेतून बघितलं की दोन वर्षांचं शिक्षण होतं. परभणीत हे कुठं दिसणार? पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, त्यासाठी पोरं महिना महिना रात्री जागतात. त्या जागण्यात माणूस घडतो.

नांदेडला शेजारच्या खोलीत तबला असेल. पण प्रेक्षागृहात संगीत नाटक वर्षाला किती वेळा लागतं, ते विचारून या.

हिंगोलीची_माय

मी पोरगं पाठवलं होतं पुण्याला. कॉट बेसिसवर खोली, एका खोलीत चौघं, मेसचा डबा, वर महिन्याला काही ना काही निघायचंच. स्पर्धेच्या एकांकिकेत दोन वर्षं पडदा ओढला त्यानं. भूमिका मिळाली तर "गावाकडचा" म्हणून नोकराची. का तर 'न' आणि 'ण' चुकतात म्हणे. तुमच्या भाचीचे चुकतात का बघा, आधीच सांगून ठेवते.

तंबोरा_कोथरूड

ताई, 'न-ण'चं खरंय, मलाही ऐकावं लागलं. पण पडदा ओढणं हे शिक्षण नाही असं म्हणू नका. पडदा कधी पडायचा हे ज्याला कळतं त्याला नाटकाची लय कळते.

हिंगोलीची_माय

लय त्याला कळली, घरभाडं मला कळलं.

पखवाज_बीड

अरे काय चाललंय. पुणं का नांदेड, पुणं का नांदेड. आपेगावच्या पखवाजवाल्या शंकरबापूंना पद्मश्री मिळाली ती कोणत्या कॉलेजच्या मार्कलिस्टवर? वारकरी फडात, भजनात बसून पखवाज वाजला त्यांचा. आणि गाणारं नाटक म्हणजे फक्त शालू नेसून नाट्यपद, हे कोणी ठरवलं? नाथांचं भारूड पैठणचं. पात्र आहे, सोंग आहे, गाणं आहे, समोरच्याला चिमटा आहे. परभणीचेच राजारामबापू कदम गोंधळ घालायचे तेव्हा गोष्ट सांगणारा, गाणारा अन् सोंग आणणारा एकच माणूस. तुमची भाची ज्या गावात राहते तिथं हे होतं, अन् ती पुण्याला चालली ऑर्गन बघायला. दोन वर्षं एखाद्या गोंधळ्याच्या मागं फिरव म्हणा. जिना चढत गायचं काय, संबळाच्या तालावर नाचत गाईल.

सेटनेट_झालेला

पखवाजराव, बोलणं गोड आहे. पण पोरीला घरी विचारणार, "मग तुझं शिक्षण काय?" तेव्हा संबळ दाखवायचा का?

कोरडं बोलतो, माफ करा. विशारद ही परीक्षा आहे, विद्यापीठाची पदवी नाही. पुढं प्राध्यापकीसाठी नेट-सेट ही पात्रता परीक्षा द्यायची तर एमए किंवा त्या तोडीची पदवी लागते, आणि नेटला संगीत हा विषय वेगळा, नाट्य वेगळा. बीए नाट्यात आणि मग एमए गायनात, असं करायला गेलं तर दोन्हीकडून अर्धवट राहायची भीती. मी स्वतः तासिका तत्त्वावर आहे. सुट्टीचे पैसे नाहीत, बिल कधी निघेल ते देवाला ठाऊक. यात घर चालतं ते संध्याकाळच्या हार्मोनियमच्या क्लासवर. गायनाची पदवी असेल तर दारावर पाटी लावता येते. "अभिनयाचे वर्ग" अशी पाटी आमच्या तालुक्याच्या गावी लावून बघा, पाच पोरं येतील, त्यातली तीन रील करायला.

म्हणून माझं मत मामांच्या उलट. गायनाला घाला, नाटक युवक महोत्सवात होतं.

गोदेकाठचा_मामा

@सेटनेट, युवक महोत्सवातलं नाटक म्हणजे वर्षातले पंधरा दिवस. त्यात अंग तयार होईल का? पाटीचा मुद्दा मात्र लागला. ताईला वाचून दाखवला तर ती आजच फॉर्म भरेल, म्हणून दाखवला नाही.

दुसरी_घंटा

सगळे शहरावर भांडताय, म्हणून लिहिते. मी नाट्यशास्त्र केलंय, मराठवाड्यातच. कॉलेजचं नाव लिहीत नाही.

अभ्यासक्रम उत्तम होता. शिक्षक जीव तोडून शिकवायचे. पण तालीम सुरू व्हायची संध्याकाळी सहाला, कारण दिवसा सभागृहात कुठलं ना कुठलं शिबिर. आणि मुलींच्या वसतिगृहाचं गेट आठला बंद. पावणेआठ झाले की मी चप्पल हातात घेऊन पळायचे. दुसऱ्या अंकात मी आहे, आणि तालीम पहिल्या अंकातच. मुलं दहा-अकरापर्यंत बसायची, तेव्हाच दिग्दर्शक मूडमध्ये यायचे, तेव्हाच नवीन काही सापडायचं. सकाळी मला सांगितलं जायचं, "काल हे बदललं." तीन वर्षं मी नाटक दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. एकदा अर्ज दिला, पालकांचं पत्र जोडलं. उत्तर आलं नाही. मग गावातल्या मैत्रिणीच्या घरी राहायला गेले, तेव्हा कुठं शेवटच्या वर्षी पहिली मोठी भूमिका.

म्हणून मामा, माहितीपत्रक राहू द्या. सायंकाळी सात वाजता तिथं जा, आगाऊ न सांगता. तालीमखोलीला कुलूप आहे का बघा. नसेल तर आत किती मुली आहेत ते मोजा. मग वसतिगृहाच्या गेटवरच्या मावशींना विचारा, तालमीची मुलगी उशिरा आली तर काय करता. नांदेडचं विद्यापीठ विष्णुपुरीला, गावाबाहेर, तेव्हा रात्री ऑटो मिळतो का तेही बघा. पुण्यातही हेच बघा.

आणखी एक. भाची काळी चारची आणि नायक काळी एकचा असेल, तर द्वंद्वगीत कोणत्या पट्टीत बसवतात हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा. ज्याला प्रश्नच कळला नाही, तिथं गाणारं नाटक होत नाही असं समजा.

तंबोरा_कोथरूड

हे मान्य. पट्टीचा प्रश्न तर लाख मोलाचा. तरी सांगतो, पुण्यात मुली रात्री अकराला स्कूटीवरून तालमीहून येतात, कोणी वळून बघत नाही. ही मोकळीक मराठवाड्यात दाखवा.

पखवाज_बीड

वळून बघत नाही कारण ओळखत नाही कोणी. आमच्याकडं बघतात, पण पंक्चर झाली तर थांबतात पण.

जिगीषू

दोघांनाही एक आठवण. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था औरंगाबादेत उभी राहिली आणि मग सगळे मुंबईला गेले. वामन केंद्रे केज तालुक्यातले, दिल्लीत एनएसडीत, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले आणि २०१३ साली तिथलेच संचालक झाले. म्हणजे पाया इकडं, वरचे मजले बाहेर. एनएसडीला पदवी लागतेच, पण कोणत्याही शाखेची चालते. म्हणून पहिली तीन वर्षं घराजवळ, मग उडी. सतराव्या वर्षीच सगळं ठरवायची घाई कशाला?

तंबोरा_कोथरूड

कारण गळा आणि अंग सतराव्या वर्षीच वळतं. विसाव्या वर्षी सवयी मोडण्यातच वेळ जातो.

दाजी_परभणी

हा धागा मी पहिल्यापासून वाचतोय. मामांनी "दाजी म्हणतात पुणं" एवढंच लिहिलं, का म्हणतात ते लिहिलं नाही. लेक माझी आहे, तर सांगतो. मला नाटकातलं कळत नाही. पण परभणीत, नांदेडला, जिथं ती गाईल तिथं समोर पहिल्या रांगेत आपलेच पाहुणे असणार. ते टाळ्या वाजवणारच. एकदा अनोळखी माणसांपुढं गाऊन बघू दे, एवढंच माझं म्हणणं. 'न-ण'चं मी रोज संध्याकाळी घेतोय. "पाणी" ला "पानी" म्हणाली की दहा रुपये दंड. आतापर्यंत माझेच ऐंशी गेलेत.

गोदेकाठचा_मामा

दाजी, हे तुम्ही घरी बोलला असता तर धागा काढावा लागला नसता.

बरं. शनिवारी तपोवन एक्स्प्रेसनं मी, दाजी आणि भाची नांदेडला चाललोत. संध्याकाळी न सांगता जाणार. पुढच्या शनिवारी पुणं, तसंच. @दुसरी_घंटा, तुमचे प्रश्न तिनं वहीत उतरवून घेतलेत, पट्टीचा सगळ्यात वर. गेटवरच्या मावशींशी मात्र ताई बोलणार म्हणते, म्हणजे तीही येतेय. तिकिटं चार झाली.

जिना कालपर्यंत बाराव्या पायरीपर्यंत आलाय. अजून सहा राहिल्यात.