कोल्हापूर, पण उभ्या उभ्या

गेल्या रविवारी ठाण्याचे पाहुणे महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी उतरले. दुपारी पन्हाळा गाठायचा, त्याआधी 'चार तासांत कोल्हापूर दाखव' म्हणे! अंबाबाई, नवा राजवाडा, रंकाळा, मिसळ अशी यादीच आणलेली. दीड तास चप्पल लाईनीत गेला आणि राजवाडा राहिला तो राहिलाच. तुमचीही अशी धावपळ झाली असेल, पाहुणे म्हणून किंवा यजमान म्हणून, तर लिहा. पांढऱ्या रश्श्याचं कौतुक मात्र नको, ते रोजच वाचतो.

—

माझी शिवाजी विद्यापीठात पीएचडीची मुलाखत होती. बाबा हौसेनं सोबत आले. मुलाखत लांबली, तोवर ते बाहेर शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर बसून होते. आमच्या एसटीला जेमतेम दोन तास उरले. रिक्षावाल्या मामांना म्हटलं, काहीतरी ऐतिहासिक दाखवा. मला वाटलं राजवाड्यावर नेतील. त्यांनी दसरा चौकात रिक्षा थांबवली. "हितं बघा की. ह्यो शाहू महाराजांचा पुतळा, आन् ही मुस्लिम बोर्डिंग, ती जैन बोर्डिंग."

खरं सांगते, मला त्यात बघण्यासारखं काही दिसेना. 1901 पासून महाराजांच्या आधारानं इथं एकेका समाजाच्या पोरांसाठी वसतिगृहं निघत गेली आणि 1902 साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, हे पाठ्यपुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलेलं, बस. बाबा मात्र खाली उतरून जैन बोर्डिंगच्या फाटकाशी उभे राहिले. ते स्वतः सोलापूरकडच्या एका बोर्डिंगात राहून शिकलेले. आमटीत डाळ शोधावी लागायची, एवढंच ते आम्हाला नेहमी हसत सांगायचे. त्या दिवशी हसले नाहीत. "पोरगी पीएचडी करायली," असं त्यांनी मामांना तीनदा सांगितलं. अजून निवड व्हायची होती!

अंबाबाईचं दर्शन राहिलं. आई अजून बोलते.

—

आम्ही नऊ जण टेम्पो ट्रॅव्हलरनं गेलो होतो. रंकाळा खिडकीतून पाहिला. डाव्या बाजूला बसलेल्यांनी पाहिला म्हणा.

—

बायको साड्यांच्या दुकानात शिरल्यामुळे मला टाऊन हॉलच्या संग्रहालयात वीस मिनिटं मिळाली. तिथं पोसायडन आहे, ग्रीकांचा समुद्रदेव! वीतभर कांस्यमूर्ती, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात मिळालेली. रोमशी व्यापार चाले त्या काळातली. समुद्र कुठे, कोल्हापूर कुठे! घाट चढून हा देव कुणाच्या गाठोड्यातून आला असेल, याच विचारात मी बाकीची दालनं पळत पाहिली. साडी बदलायला परत जावं लागलं, ते वेगळं.

—

9 नोव्हेंबरला सहज दर्शनाला गेलो, तर किरणोत्सवाची गर्दी. मावळतीची किरणं देवीच्या चरणांपासून वर सरकतात म्हणे. आम्हाला समोरच्या काकांची टोपी दिसली.

—

मी इथलाच, पेठेतला. पुण्याच्या साडूंना रात्रीच्या गाडीआधी 'पाच मिनिटं' म्हणून गंगावेशीत दूध प्यायला नेलं. म्हैस समोर, धार थेट ग्लासात. साडू आधी तोंड वाकडं करून उभे होते. तिसऱ्या ग्लासाला गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी नवा राजवाडा निवांत पाहिला, संध्याकाळी परत गंगावेस.