वर्षभर बोटीवर न आलेल्यांची नावं कापायची का?

शिडाची_दोरी
काल ग्रुपवर एक पोस्ट आली. तिचं म्हणणं असं की आपल्या सोलापूरच्या सेलिंग (शिडाच्या बोटींच्या) क्लबात निम्मे लोक नुसते फी भरणारे आहेत, लग्न झालं, पोरं झाली की गायब होतात. तेव्हा वर्षभर पाण्यावर न दिसलेल्यांची नावं कापा आणि ‘खऱ्या’ खलाशांना जागा द्या. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

जागा कुणाला देणार? हिप्परगा तलावाच्या काठावर रांग लागलीय का?

पोरगं नऊ-दहा वर्षांचं असताना ऑप्टिमिस्टमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या छोट्या बोटीत बसतं. पंधरावं सरलं की त्या बोटीच्या रेसमधून वयामुळेच बाहेर, आणि नेमकी तेव्हाच दहावी. पुढे लेझरवर, म्हणजे एकट्याने चालवायच्या मोठ्या बोटीवर बसवायचं. त्या बोटीची सोयच अशी की खालचा सांगाडा तोच, शीड तीन मापांत मिळतं. हलक्या पोराला सगळ्यात लहान ४.७, मग मधलं रेडियल, मग मोठं. आपण फक्त मोठंच घेऊन ठेवलंय. मग पंचेचाळीस किलोचं पोरगं जुलैच्या वाऱ्यात त्या शिडाखाली पुन्हा पुन्हा कॅप्साइझ होतं, म्हणजे बोटीसकट उलटतं, पाण्यातून बोट सरळ करता करता रडकुंडीला येतं आणि पुढच्या रविवारी येत नाही. ते गायब झालं की आपण घालवलं?

तरण्या आईबापांचं तेच. एकाने बाळ धरायचं, दुसऱ्याने पाण्यावर जायचं, तासाभराने अदलाबदल. पण काठावर सावली नाही. एप्रिलमध्ये पारा बेचाळीसवर असताना तान्हं बाळ कुठे ठेवायचं? आणि साठीच्या माणसाला लेझरच्या काठावरून बाहेर लोंबकळायला सांगू नका. त्याला एंटरप्राइज या दोघांच्या बोटीचं सुकाणू द्या, पुढे जिबवर, म्हणजे पुढच्या लहान शिडावर, नातवाला बसवा. गुडघे अगदीच गेले तर रेस लावायला, मार्क (रेसच्या वळणाच्या तरंगत्या खुणा) टाकायला, सेफ्टी बोटीवर माणूस लागतोच. ज्याच्याकडे काम आहे तो येतो. आपण लोकांकडून फी घेतो, काम देत नाही.

होटगी_नाका
ती पोस्ट माझीच. एक शब्दही मागे घेत नाही. गेल्या पावसाळ्यात मार्क टाकायला मी एकटा, बोटी उतरवायला मी एकटा. हुरडा पार्टीला मात्र डिसेंबरात सगळे हजर. ज्वारीचं कणीस भाजायला गुडघे दुखत नाहीत आणि ट्रॉली ओढायला दुखतात? आणि वयाची सबब तर सांगूच नका. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करून आले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

कडक_भाकरी
दोंदेसाहेब नौदलात होते ओ! त्यांचं ते कामच होतं. आमचं कामाचं ठिकाण चिंचोळी एमआयडीसी, आणि तिथे रविवारची पण शिफ्ट लागती. मान त्यांना आहेच, पण त्यांचं उदाहरण देऊन आम्हाला कामचुकार ठरवू नका.

हुतात्मा_एक्सप्रेस
नाव कापणार तर माझं पहिलं कापावं लागेल. पुण्यात नोकरी आहे. शुक्रवारी रात्री निघून यायचं तर शनिवार आईच्या दवाखान्यात जातो, रविवारी दुपारी परतीची गाडी. तरी फी दरवर्षी भरतो, कारण मी पोहायला आणि शीड धरायला तिथेच शिकलो. हे पैसे फुकट जागा अडवायला देतो असं वाटत असेल तर सांगा.

होटगी_नाका
पैसे देऊन बोट पाण्यात उतरत नाही. तुम्ही सगळे पुण्याला गेलात म्हणून इथे उतरवायला कुणी उरलं नाही.

भीमाकाठ
बरोबर. पोरं आपली पुण्याला जातात आणि पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत. एवढंच काय ते आपल्या वाट्याला. आम्ही उजनीवर बोट टाकायला गेलो तर हिरवं पाणी, वास, अंगाला खाज. तेच पाणी पुढे औज बंधाऱ्यात आणि आपल्या नळाला, तेही चार-पाच दिवसांनी एकदा. पुण्यात राहणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं, मग क्लबवरच्या प्रेमाच्या गोष्टी सांगाव्यात.

हुतात्मा_एक्सप्रेस
मी काय मुठेत नाला सोडला का? इथे मी भाड्याच्या घरात राहतो. सोलापुरात माझ्या शिक्षणाची नोकरी दाखवा, उद्या येतो. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरात काय झालं ते मला सांगायला लावू नका.

भीमाकाठ
गिरण्या सगळ्यांच्याच बंद पडल्या. आम्ही राहिलो ना इथे? आणि उजनी बहुतेक उन्हाळ्यांत मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली जाते ती काय फक्त पुण्यामुळे? उसाला किती पाणी जातं यावर आपल्यातला एक जण बोलत नाही, कारण निम्म्यांचा ऊस आहे.

कडक_भाकरी
माझा आहे ऊस. दोन एकर. त्यावर मुलीची फी भरतो. बोला आता काय बोलायचंय ते. बोटी फिराव्यात म्हणून शेतकऱ्यानं पाणी घेऊ नये, असं म्हणताय का?

भीमाकाठ
तसं म्हटलेलं नाही. ठिबक करा एवढंच म्हणतोय.

कडक_भाकरी
ठिबकच आहे. बघायला या.

माहेर_बाळीवेस
ऊस, पुणे, गिरणी सगळं झालं. आता मी बोलते. बारा-तेरा वर्षांची असताना मी या क्लबात मुलांना हरवलंय. लग्नानंतर नाव कापलं गेलं, कुणी विचारलंही नाही. नवऱ्याने फॉर्म भरला तेव्हा मी ‘कुटुंब’ या रकान्यात आले, म्हणजे मत नाही आणि बोटीची किल्लीही नाही. त्याला शीड कुठल्या बाजूचं हेही कळत नाही. ओले कपडे बदलायला खोली नाही. मी गाडीत, काचांना ओढणी लावून बदलते. नेत्रा कुमनन टोकियो ऑलिंपिकला पात्र ठरली, सेलिंगमध्ये पात्र ठरलेली पहिली भारतीय बाई, तेव्हा आपल्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला होता. त्यातल्या एकानेही खोलीचं काम काढलं नाही. होटगी_नाका, मी दोन वर्षं आले नाही. मी नकली खलाशी का?

करमाळ्याकडची
ताई, आमच्याकडे त्याच्याही आधीची अडचण आहे. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला जाणारी बोट उजनीत वादळी वाऱ्याने उलटली, सहा जण गेले. तेव्हापासून घरचे मुलाला पाण्याजवळ फिरकू देत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. क्लबवर प्रत्येकाला लाइफ जॅकेट असतं, सेफ्टी बोट असते, हे मी सांगते. पण सासूबाईंना ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटणार नाही. तुम्ही घरच्यांना कधी बोलावता? फक्त बक्षीस समारंभाला.

शिडाची_दोरी
हेच तर म्हणतोय. हैदराबाद आपल्याला काही लांब नाही. तिथे हुसेनसागरवर ऐन पावसाळ्यात लेझरच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात आणि सरकारी शाळांतली गरीब घरची मुलं शिकून पुढे आली आहेत. तिथे माणसं धरून ठेवली जातात. लेझरच्या जागतिक मास्टर्स स्पर्धेत तर पंचाहत्तरीच्या पुढच्यांचाही वेगळा गट असतो.

होटगी_नाका
हैदराबादेत लष्कर आहे, पैसा आहे, बारमाही पाणी आहे. आपला हिप्परगा दुष्काळात तळाला जातो, तेव्हा पंचाहत्तरीचे काय चिखलात सेलिंग करणार? पण माहेर_बाळीवेस, तुमचं ऐकून राग माझा मलाच आला. किल्लीचं मला माहीत नव्हतं. नावं कापायची मागणी मागे घेतो. फक्त एकच. ज्याने वर्षभरात क्लबच्या एकाही कामाला हात लावला नाही, त्याला मत नको. पुण्याचा असो नाहीतर पाकणीचा.

हुतात्मा_एक्सप्रेस
काम म्हणजे काय ते आधी ठरवा. हिशेब, फॉर्म, लहान शिडाची चौकशी हे मी पुण्यात बसून करतो. ते धरणार का?

होटगी_नाका
लहान शीड आणून दाखवा, मग धरू.

माहेर_बाळीवेस
आणि मताची अट घालण्याआधी ‘कुटुंब’ रकान्यातल्या बायकांना मत द्या. ते होईपर्यंत अटीला माझा विरोध.

कडक_भाकरी
खोलीचे पत्रे माझ्याकडे पडलेत, गोठा पाडला त्याचे. ट्रॅक्टरने आणून टाकतो. बांधायला रविवारी कोण कोण येतंय ते इथंच लिहा.

भीमाकाठ
मी येतो. पण उजनीच्या पाण्याबद्दल बोललो त्यातला शब्दही मागे घेत नाही.