हेडफोन आणि शाळेची शिस्त

आपल्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला मोठा आवाज सहन होत नाही, पण त्याला आवाज रोखणारे हेडफोन वर्गात लावू दिल्यास शिस्त बिघडेल, असे मुख्याध्यापिकांनी सांगितल्याचे आपण पत्रात लिहिले आहे. कायद्याची भूमिका मात्र वेगळी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शासकीय अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी विद्यार्थ्याच्या वैयक्तिक गरजेनुसार वाजवी सोयी पुरवणे अपेक्षित आहे, आणि स्वमग्नतेचा समावेश या अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे दिव्यांगत्वांच्या यादीत, आहे. म्हणून तोंडी विनंतीवर न थांबता लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. ‘मुलाला आवाज सहन होत नाही’ असे मोघम न लिहिता, मधल्या सुट्टीची घंटा, परिपाठाचा ध्वनिक्षेपक की बाके सरकवण्याचा आवाज, यांपैकी नेमके काय झाले की तो कान झाकतो आणि शांत जागेत गेल्यावर किती वेळात सावरतो, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (रोजचे व्यवहार जमावेत म्हणून मदत करणाऱ्या उपचारतज्ज्ञाच्या) अहवालासह नोंदवावे. हेडफोनखेरीज घंटेपासून दूरची जागा आणि घंटा होण्यापूर्वी शिक्षकांची एक खूण एवढे मागितले, तरी माझ्या मते बराच फरक पडेल. याला शाळेचा पैसा लागत नाही, त्यामुळे निधी नसल्याची सबब (जी हमखास पुढे येते) इथे टिकत नाही. नकार मिळालाच तर तो लेखी मागावा. पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करताना तोच कागद उपयोगी पडेल.